झटका देणाऱ्या खेळण्याच्या पोटात

(वसतिगृहातील विद्यार्थी व पालक यांच्या मेळाव्यात केलेले भाषण, स्मरणिकेसाठी काही भाग वाढवून)



मी बी. ए., बी. एड. माणूस. शाळेत मराठी आणि इतिहास शिकवितो. तेव्हा विजेच्या उपकरणांवर बोलण्याचा याला अधिकार काय, असा प्रश्न आमच्या विज्ञानशिक्षकांच्या मनात आला असेल तर तो रास्तच आहे. या विषयातील माझी एकमेव पदवी म्हणजे माझे बालपण. माझे वालिद बाजारपेठेत रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचे लहानसे दुकान चालवीत. शाळा सुटली की मी तेथे जाऊन बसे, सोल्डरिंग आयर्न तापवून देई आणि उघड्या सेटमध्ये बोट घालू नये म्हणून त्यांच्या टपल्या खाई. त्या टपल्यांतून जेवढे शिकलो तेवढ्याच भांडवलावर आज आपल्यासमोर उभा आहे. वाचकहो, आपणही हे भाषण त्याच बेताने वाचावे.

विषय निघाला तो एका खेळण्यावरून. गेल्या पावसाळ्यात वसतिगृहातील एका मुलाच्या पेटीतून मेसच्या बिलाचे ५०० रुपये नाहीसे झाले. खोलीत बारा मुले. प्रत्येकाने आपल्याला काही ठाऊक नसल्याचे सांगितले. तेव्हा एकाने आपल्या मामूंनी कुवेतहून आणलेले एक खेळणे काढले. बशीएवढे, काळ्या प्लॅस्टिकचे. वर पंजा ठेवण्याची जागा, बोटांखाली आणि तळहाताखाली धातूच्या पट्ट्या, एक हिरवा दिवा, एक लाल दिवा आणि कडेला एक नॉब. पट्ट्यांवर हात ठेवून प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे. उत्तर खरे असेल तर हिरवा दिवा लागतो; खोटे असेल तर लाल दिवा लागतो आणि हाताला सणसणीत झटका बसतो, अशी त्याची ख्याती. रात्रीच्या जेवणानंतर खोलीतच अदालत भरली. अकरा मुले हिरव्या दिव्यावर सुटली. बारावा, आठवीत नव्याने आलेला मुलगा, तीन वेळा बसला आणि तिन्ही वेळा लाल दिवा लागला. तिसऱ्या झटक्याला तो ओरडला आणि सारी खोली हसली.

त्या रात्री देखरेखीची पाळी माझी होती. मी दारात उभा होतो. मी ते थांबविले नाही. किंबहुना तिसऱ्यांदा लाल दिवा लागला तेव्हा "काहीतरी असल्याशिवाय का लागेल?" असा विचार माझ्याही मनात येऊन गेला. पुढचे चार दिवस त्या मुलाच्या शेजारी जेवायला कोणी बसले नाही. पाचव्या दिवशी त्याने घरी फोन करून अम्मीला "मला घेऊन जा" म्हणून सांगितले, आणि तो फोन ऑफिसमधूनच झाल्यामुळे माझ्या कानावर आला. तेव्हा मी ते खेळणे मागून घेतले, घरून वालिदांचा जुना मल्टिमीटर आणला आणि रविवारी सकाळी सर्व मुलांना बोलावून त्यांच्यादेखत त्याचे चार स्क्रू काढले.

पोटात काय निघाले? तीन सेल, बोटभर लांबीची एक पीसीबी, तिच्यावर डिंकाचा थेंब सुकावा तसा एक काळा ठिपका, दोनतीन ट्रान्झिस्टर आणि बोराच्या बीएवढा एक रोहित्र, म्हणजे ट्रान्सफॉर्मर. नीट पाहिले तर ही दोन निरनिराळी यंत्रे एका डबीत बसविलेली आहेत. एक निवाडा करणारे आणि दुसरे फटका मारणारे. फटका मारणारे यंत्र खरोखरच हुशारीचे आहे. म्हणून आधी त्याच्याविषयी सांगतो.

दीड व्होल्टचे तीन सेल, म्हणजे साडेचार व्होल्ट. एवढ्या दाबाच्या सेलला कोरडे बोट लावले तर काहीच कळत नाही. पण जिभेला सेल लावून पाहण्याचा उद्योग आपल्यापैकी निम्म्या मंडळींनी लहानपणी केलेला असेल. तेथे मात्र झिणझिणते. सेल तोच, मग फरक कशाचा? फरक रोधाचा, विरोधाचा. कोरड्या कातडीचा विजेला विरोध फार मोठा असतो. हजारो, कधी लाखभर ओहम. जीभ ओली, तिचा विरोध अगदी थोडा. जॉर्ज ओहम या जर्मन शिक्षकाने १८२७ साली मांडलेला नियम येथे लागू पडतो. (होय, शिक्षकच होता, आणि पुस्तक निघाल्यावर त्याची कदर व्हायला बरीच वर्षे गेली, हे जाता जाता नमूद करतो.) समजा हाताचा विरोध चाळीस हजार ओहम आहे आणि त्यातून ५ मिलिअँपिअर प्रवाह जाऊन चांगला चटका बसावा अशी आपली इच्छा आहे. तर दाब हवा २०० व्होल्ट. हातात आहेत साडेचार. हे साडेचारांचे शेकडो कसे करावयाचे, हाच त्या पीसीबीपुढचा प्रश्न.

ट्रान्सफॉर्मर हे काम करतो, हे दहावीच्या मुलांना ठाऊक आहे. लोखंडी गाभ्यावर जाड तारेचे थोडे वेढे आणि बारीक तारेचे पुष्कळ वेढे. थोड्या वेढ्यांत बदलता प्रवाह सोडला की पुष्कळ वेढ्यांत त्याच पटीत मोठा दाब उमटतो. पण अडचण अशी की, ट्रान्सफॉर्मरला "बदलता" प्रवाह लागतो आणि सेलमधून निघणारा प्रवाह एकसारखा. मायकेल फॅरडेने १८३१ मध्ये नेमके हेच दाखविले होते. चुंबकत्व जागच्या जागी स्थिर असेल तर शेजारच्या तारेत काहीही घडत नाही; ते वाढले किंवा घटले तरच घडते. म्हणून सेलचा प्रवाह तोडला पाहिजे. चालू, बंद, चालू, बंद, सेकंदात हजारो वेळा.

जुन्या काळी हे तोडण्याचे काम एक लोखंडी पट्टी करी. शाळेच्या विजेच्या घंटेत टोला मारणारी पट्टी असते तशीच. चुंबक तिला ओढून घेई, तिने जागा सोडली की मंडल तुटे, चुंबकत्व जाई, पट्टी परत येई आणि मंडल पुन्हा जुळे. त्या पद्धतीच्या पेट्या युरोप-अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात डॉक्टर मंडळी वापरीत आणि पुढे जत्रेतल्या यंत्रांत नाणे टाकून लोक हौसेने झटका घेत. मेक्सिकोत तर दारूच्या गुत्त्यांतून असली पेटी गळ्यात अडकवून फिरणारे लोक असतात. दोन दांड्या गिऱ्हाइकांच्या हातात द्यावयाच्या आणि कोण किती वेळ सहन करतो याची पैज लावावयाची! तेथे या खेळाला "तोकेस" म्हणतात. असो.

आजच्या खेळण्यात पट्टीची जागा ट्रान्झिस्टरने घेतली आहे. ट्रान्झिस्टर म्हणजे हलणारा भाग नसलेला स्विच. त्याला चालू-बंद करायला वेगळा माणूस लागत नाही, ही त्यातली खुबी. ट्रान्सफॉर्मरवर तिसरे एक लहान वेटोळे असते. प्रवाह वाढू लागला की हे वेटोळे ट्रान्झिस्टरला "आणखी उघड" असे सांगते. प्रवाह आणखी वाढतो. शेवटी अशी वेळ येते की, तो आणखी वाढू शकत नाही. वाढ थांबली की तिसऱ्या वेटोळ्यातला इशारा नाहीसा होतो, ट्रान्झिस्टर मिटू लागतो, प्रवाह घटतो, त्याबरोबर इशारा उलटा होतो आणि ट्रान्झिस्टर फाटकन बंद. चुंबकत्व ओसरले की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आपलेच शेपूट पकडणाऱ्या मांजरासारखे हे मंडल स्वतःभोवती फिरत राहते.

तो जो "फाटकन" क्षण आहे, झटका तेथे जन्मतो. पाण्याचा नळ जोरात चालू असताना एकदम बंद केला तर भिंतीतला पाइप धाडकन वाजतो, हे आपण ऐकले असेल. वाहते पाणी एकदम थांबायला तयार नसते. त्याचा वेग क्षणभर दाबात बदलतो. वेटोळ्यातल्या प्रवाहाचेही तसेच. तो एकदम तोडला की गाभ्यात साठलेले चुंबकत्व कोसळते आणि बारीक तारेच्या वेटोळ्याच्या टोकांवर क्षणभर शेकडो व्होल्टचा दाब उभा राहतो. ती टोके जोडलेली असतात तळहाताखालच्या पट्ट्यांना.

डास मारण्याची रॅकेट आता घरोघरी आहे. तिच्या मुठीत जवळजवळ हेच मंडल असते. फरक एवढाच की, रॅकेटमध्ये ही वीज धारित्रात, म्हणजे कपॅसिटरमध्ये साठवितात आणि दाब हजार व्होल्टच्याही वर नेतात. म्हणूनच बटण सोडल्यावरही जाळीला हात लावला तर ती कधी कधी चावते. शॉकचे पेन, शॉकचे च्युइंगगम यांतही बहुधा बटणाएवढे सेल आणि असेच चिमुकले ट्रान्सफॉर्मर असतात. पेनची खुबी जागेत आहे. एक टोक मागच्या बटणाला आणि दुसरे पेनच्या धातूच्या अंगाला जोडलेले. पेन चालविण्यासाठी अंगठा बटणावर आणि बोटे अंगावर ठेवावीच लागतात, म्हणजे सावज आपल्या हातानेच मंडल पूर्ण करते. काही लायटरांत मात्र सेलच नसतो. स्वयंपाकघरातल्या गॅस लायटरप्रमाणे आत एक स्फटिकासारखा तुकडा असतो आणि खटका दाबला की त्याच्यावर हातोडी आपटते. असल्या पदार्थावर दाब पडला की वीज उमटते, हे पिएर आणि जाक क्युरी या भावांनी १८८० साली दाखविले. ठिणगीचा दाब हजारो व्होल्ट, पण वीज चिमूटभर.

आणि एक गंमत सांगतो. हस्तांदोलन करताना तळहातात लपवावयाचे जे प्रसिद्ध अमेरिकन "जॉय बझर" आहे, त्याने शॉक बसतो असे सारे जग समजते. ते एस. एस. ॲडम्स या डेन्मार्कमध्ये जन्मलेल्या गृहस्थाने बनविले. १९३२ साली त्याला पेटंट मिळाले. त्यात वीज मुळीच नाही! घड्याळासारखी किल्ली दिलेली स्प्रिंग आहे. बटण दाबले गेले की ती थरथरते आणि समोरचा माणूस "करंट लागला" म्हणून हात झटकतो. मनाची तयारी असली की थरथरसुद्धा शॉक ठरते. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे उपयोगी पडेल.

आता पालकांच्या चेहऱ्यावर जो प्रश्न दिसतो आहे त्याकडे वळतो. शेकडो व्होल्ट, मग माणूस मरत कसा नाही? घरातल्या २३० व्होल्टने तर मरतो.

याचे उत्तर व्होल्टमध्ये नाही. ते तीन गोष्टींत आहे. वीज किती आहे, किती वेळ वाहते आणि शरीरातून कोणत्या वाटेने जाते. खेळण्याच्या चिमुकल्या सेलमधून फार तर एकदशांश अँपिअर प्रवाह निघतो असे धरा. साडेचार व्होल्ट गुणिले ०.१ अँपिअर, म्हणजे अर्ध्या वॉटपेक्षाही कमी. ट्रान्सफॉर्मर शक्ती निर्माण करीत नाही. एक खिसा रिकामा करून दुसरा भरतो एवढेच. दाब ३०० व्होल्टवर नेला तर सरासरी प्रवाह दीड मिलिअँपिअरच्या वर जाऊच शकत नाही, आणि वाटेतली गळती धरली तर त्याहूनही कमी. माणसाला साधारण १ मिलिअँपिअर प्रवाह जाणवू लागतो. १० च्या सुमाराला स्नायू आखडून धरलेली वस्तू सुटत नाही. आणि ५० ते १०० मिलिअँपिअर छातीतून सेकंदभर गेले तर हृदयाचा ताल बिघडून माणूस दगावू शकतो. खेळणे पहिल्या पायरीवर घुटमळते. भिंतीतल्या सॉकेटला मात्र तळच नाही. तेथली ६ अँपिअरची एमसीबी ६ अँपिअरपर्यंत, म्हणजे ६००० मिलिअँपिअरपर्यंत, खुशाल वीज जाऊ देते. ती तारांच्या रक्षणासाठी असते, माणसाच्या नव्हे. माणसासाठी ३० मिलिअँपिअरच्या गळतीवर तुटणारी आरसीसीबी बसवावी लागते. ज्यांच्या घरी ती नाही त्यांनी खेळण्याची काळजी नंतर करावी.

वाटेचेही तसेच. या खेळण्याच्या दोन्ही पट्ट्या एकाच तळहाताखाली आहेत. वीज अंगठ्याच्या मुळापासून बोटांपर्यंत जाते आणि परत येते. ती छातीकडे फिरकत नाही. चार मुठींचा एक खेळ मिळतो, त्यात मधला लाल दिवा हिरवा होताच जो सर्वांत शेवटी बटण दाबील त्याच्या मुठीत शॉक बसतो. तेथेही प्रत्येक मुठीवर दोन वेगळ्या पट्ट्या असतात, ते याचसाठी. परंतु हातात हात घालून साखळी केली आणि दोन टोकांच्या मुलांनी एकेक पट्टी धरली तर वाट बदलते. ती प्रत्येकाच्या छातीवरून जाते. असली साखळी करण्याची कल्पना आमच्याही मुलांना सुचली होती, आणि ती नवीन नाही. १७४६ साली फ्रान्समध्ये नोले नावाच्या विद्वान पाद्र्याने पंधराव्या लुईच्या दरबारात १८० शिपायांना हातात हात देऊन उभे केले आणि लायडन बरणीत साठविलेली वीज त्यांच्यातून सोडली. सारे एकदम उडाले आणि राजेसाहेब खूश झाले. लायडन बरणी म्हणजे आजच्या कपॅसिटरची आजी. तिची शक्ती कमी लेखू नये. बेंजामिन फ्रँकलिनसारखा जाणता माणूस, पण १७५० च्या डिसेंबरात दोन मोठ्या बरण्यांनी टर्की पक्षी मारून दाखविताना त्याने चुकून सारी वीज स्वतःच्या दोन्ही हातांतून घेतली आणि काही वेळ त्याला कसलेच भान उरले नाही. भोवतालच्या मंडळींच्या गप्पांत आपले लक्ष उडाले, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. जमलेली मंडळी आणि गप्पा, मेजवानीचा खेळ म्हणतात तो हाच.

त्या रविवारी एका मुलाने विचारलेच, "सर, सेलऐवजी मोबाइलचा चार्जर लावला तर जोरात बसेल का?" मी त्याला सर्वांसमोर उभे केले. बेटा, या खेळण्याचे सारे शहाणपण त्याच्या गरिबीत आहे. सेल थकतो, म्हणून ते तुला इजा करू शकत नाही. ज्या क्षणी तू त्याला भिंतीशी जोडशील त्या क्षणी तुझ्या हाताच्या आणि वीजमंडळाच्या तारेच्या मध्ये एका हलक्या चार्जरच्या आतला प्लॅस्टिकचा पापुद्रा तेवढा उरेल. जुन्या कॅमेऱ्याच्या फ्लॅशचे मंडल काढून त्याचे शॉकयंत्र बनविणारेही महाभाग असतात. त्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास दाब आणि कित्येक पट अधिक ऊर्जा साठलेली असते, आणि ती सेल काढल्यावरही बसून राहते. वालिदांच्या दुकानातील माझ्या निम्म्या टपल्या याच एका कारणासाठी होत्या. तसेच ज्यांच्या हृदयाला पेसमेकर बसविला आहे, ज्यांना हृदयविकार किंवा फेफऱ्याचा त्रास आहे, ज्या भगिनी गरोदर आहेत, त्यांच्या हाती असले पेन गमतीनेही देऊ नये. दादीजान हसतील म्हणून त्यांना तर नाहीच नाही.

इतका वेळ फटका मारणाऱ्या यंत्राविषयी बोललो. त्याच्यावर माझा राग नाही. आता निवाडा करणाऱ्याकडे येतो.

मुलांची खात्री होती की, त्या काळ्या ठिपक्यात काहीतरी विलक्षण आहे. काळ्या ठिपक्याखाली एक चिप असते. धूळ आणि दमट हवा लागू नये म्हणून तिच्यावर डांबरासारखा थेंब टाकतात. या खेळण्यात तिचे काम इतके साधे की किराणा दुकानातला तराजू बरा. तीच सेलची वीज, न वाढविता, एका ठराविक रोधातून आणि मग तुमच्या हातातून जाते. साडेचार व्होल्ट या दोघांत वाटले जातात. समजा यंत्रातला रोध एक लाख ओहम आणि हाताचाही तेवढाच. मग प्रत्येकाच्या वाट्याला सव्वादोन. हाताला घाम आला आणि त्याचा रोध पन्नास हजारांवर उतरला, तर हाताच्या वाट्याला दीड व्होल्टच येतो. चिप या वाट्याची तुलना दुसऱ्या एका दाबाशी करते. वाटा मोठा, हिरवा दिवा. वाटा लहान, लाल दिवा, आणि शेजारच्या यंत्राला हुकूम: मार. झाला निवाडा!

आणि तो दुसरा दाब कोण ठरवितो? कडेचा नॉब. रेडिओचा आवाज कमीजास्त करण्याचा असतो तसाच. नॉब फिरविला की त्याच हाताचा हिरवा लाल होतो आणि लालचा हिरवा. त्या रात्री नॉब कोणाच्या हातात होता, हे मी मुलांना विचारले. कोणी बोलले नाही. खेळण्याचा मालक मान खाली घालून बसला. त्याने मुद्दाम काही केले असे मी म्हणत नाही. त्याला नॉब म्हणजे काय हेच ठाऊक नव्हते. माझ्या मते हे अधिक वाईट.

मग आम्ही त्या पंचाची परीक्षा घेतली. खेळणे पुन्हा जोडले. किंचित ओला रुमाल पट्ट्यांवर ठेवला, हिरवा दिवा येईपर्यंत नॉब फिरविला आणि रुमालाला विचारले, "तू रुमाल आहेस का?" कोणीतरी वरून मिठाच्या पाण्याचे चार थेंब टाकले. लाल! रुमाल खोटारडा ठरला. नंतर खेळण्याच्या मालकाने हाताला टाल्कम पावडर चोळली आणि "मी रत्नागिरीचा कलेक्टर आहे" असे गंभीरपणे जाहीर केले. हिरवा! शेवटी मी स्वतः बसलो. गरम चहा पिऊन, जिना चढून आलो होतो. मुलांनी माझे नाव विचारले, मी खरे नाव सांगितले, आणि भर सभेत मला झटका बसला. हसू आवरेनासे झाले, पण एक मुलगा हसत नव्हता. तो त्या लाल दिव्याकडे टक लावून पाहत होता.

तळहाताच्या घामाचे एक वैशिष्ट्य आहे. अंगाचा घाम उन्हाने येतो. तळहाताचा मुख्यतः मनाच्या ताणाने. भीती, लाज, राग, अनोळखी माणसे, परीक्षेचा निकाल, कशानेही तो येतो. खोटे बोलताना येतो हे खरे, पण आपल्यावर खोटेपणाचा आळ येईल या भीतीनेही तेवढाच येतो. त्यातून एकदा झटका बसल्यावर दुसऱ्या प्रश्नाला हात अधिक भिजतो, तिसऱ्याला आणखी. म्हणजे हे यंत्र जो घाम मोजते, तो निम्मा त्यानेच आणलेला असतो. जॉय बझरची गोष्ट लक्षात ठेवण्यास सांगितली होती ती यासाठी.

पोलिसांचे खरे पॉलिग्राफ यंत्र याहून पुष्कळ मोठे. १९२१ साली अमेरिकेतील बर्कली येथे जॉन लार्सन या पोलिस अधिकाऱ्याने ते तयार केले. रक्तदाब आणि श्वास यांची एकाच वेळी नोंद ते करी. त्वचेच्या रोधाची भर पुढे पडली. त्यालाही सत्य दिसत नाही. शरीराची खळबळ दिसते. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१० रोजी सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात निकाल दिला की, कोणाचीही पॉलिग्राफ चाचणी त्याच्या संमतीवाचून घेता येणार नाही. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती होऊ नये, हे संविधानाचे २० (३) हे कलम त्याच्या आधाराला आहे. खून-दरोड्यातील आरोपीला जो हक्क आहे, तो आठवीतल्या एका पोराला आमच्या खोली नंबर चारमध्ये मिळाला नव्हता, आणि नागरिकशास्त्र मीच शिकवितो.

राहता राहिले ते ५०० रुपये. ते आजतागायत सापडलेले नाहीत. ते कोणी घेतले, मला ठाऊक नाही. त्या मुलाने घेतलेच नाहीत असे तरी मी कशावरून म्हणू? पण ते त्या यंत्रालाही ठाऊक नव्हते, एवढे मी सर्वांदेखत सिद्ध करू शकलो. खोलीतल्या मुलांनी वर्गणी काढून बिल भरले. त्यात माझे शंभर आहेत.

सभा संपल्यावर मुले पांगली. तो मुलगा मागे राहिला. मल्टिमीटरकडे बोट दाखवून "सर, मी पाहू?" एवढेच म्हणाला. मी दोन्ही प्रोब त्याच्या हातात दिले. माझ्या कोरड्या बोटांत मीटरने चार लाखांच्या आसपास ओहम दाखविले होते. त्याच्या बोटांत काटा साठ हजारांवर आला आणि तेथेच थांबला. त्याला कोणी काही विचारीत नव्हते. खोलीत आम्ही दोघेच होतो. तेव्हा मला त्याची निबंधाची वही आठवली. तिची पाने कडेला नेहमी ओलसर आणि सुरकुतलेली असत, आणि लिहिताना तो हाताखाली घडी केलेला रुमाल ठेवी. सहा महिने मी ती वही तपासीत होतो आणि "अक्षर स्वच्छ काढावे, पाने खराब करू नयेत" असा शेरा लाल शाईने मारीत होतो.

त्याने रुमालाने हात पुसले, पुन्हा प्रोब धरले आणि मीटरचा आकडा वहीत लिहून घेतला. मग दर पाच मिनिटांनी एकेक. जेवणाची घंटा होईपर्यंत त्याचे सात आकडे झाले होते.